'अदृश्य' म्हणजे नेमकं काय? खेळातला मंत्र, कायद्यातला मंत्र आणि शब्दाचा कीस

अंगारकीच्या आदल्या रात्री राजूरमध्ये कुणी धड झोपत नाही. जालन्याहून पायी निघालेले लोक मध्यरात्रीपासून टेकडीच्या पायथ्याशी पोचायला लागतात. कुणी अनवाणी, कुणी लेकराला खांद्यावर घेऊन. राजूर हे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी पूर्ण पीठ मानलं जातं, त्यामुळे मंगळवार आणि संकष्टी जुळून आली की भोकरदन तालुक्याचे सगळे रस्ते जणू इकडेच वळतात. अशाच एका रात्री बहिणीच्या घरी मुक्कामाला होतो. बाहेर गर्दीचा आवाज, आणि माडीवरून त्याहून मोठा आवाज. बहीण म्हणाली, "दादा, जरा वर जाऊन बघ बरं. पोरं भांडायलीत."

वर भाचा आणि त्याचे तीन मित्र. सगळे इंजिनिअरिंगचे, सुट्टीला आलेले. मधे चादर अंथरलेली, त्यावर वहीतून फाडलेल्या कागदावर काढलेला किल्ल्याचा नकाशा, शेंगदाण्यांचे सैनिक आणि वीस बाजूंचा एक फासा. मला बघताच भाचा म्हणाला, "मामा, बरं झालं आलात. तुम्ही वकील आहात. तुम्हीच सांगा, जो दिसतोय तो अदृश्य कसा काय असू शकतो?"

वकिलीत पंचवीस वर्षं घालवली, पण इतका सरळ प्रश्न मला कुठल्या पक्षकाराने विचारला नव्हता.

खेळ काय आहे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो बाजारात आणला. 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका पाहिली असेल तर त्यातली पोरं हाच खेळ खेळतात. यात ल्युडोसारखा ठरलेला पट नाही, आणि जिंकणं-हरणंही नेहमीसारखं नाही. एक जण गोष्ट सांगतो, त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. "मी दार लाथेने उघडतो," असं खेळाडू म्हणतो, फासा टाकतो, आणि आकडा किती पडला त्यावर दार उघडतं की पाय मुरगळतो ते ठरतं. आपल्याकडच्या सोंगी भारुडात आणि सोंगट्यांच्या पटात जे आहे ते दोन्ही इथे एकत्र आलंय, असं म्हणा हवं तर.

जादूगाराकडे मंत्र असतात. प्रत्येक मंत्राचा मजकूर पुस्तकात छापलेला: किती अंतरावर चालतो, किती वेळ टिकतो, कुणावर चालतो, काय होतं. दोन-चार ओळींपासून अर्ध्या पानापर्यंत. मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून खुल्या परवान्याखाली आहे, म्हणजे फोनवर फुकट वाचता येतो. राजूरच्या माडीपर्यंत हा खेळ पोचला तो याच वाटेने. पोरं पुस्तक इंग्रजीतून वाचतात आणि भांडतात मराठीतून.

दिसणारा अदृश्य

आता भांडण. शत्रूच्या जादूगाराने स्वतःवर अदृश्य होण्याचा मंत्र टाकला. भाच्याच्या पात्राने उलट मंत्र टाकला, ज्याने अदृश्य गोष्टी दिसतात. आता भाच्याला शत्रू स्वच्छ दिसतोय. तो बाण मारतो. प्रश्न असा की बाण नेहमीसारखा एक फासा टाकून मारायचा, की अदृश्य माणसावर मारताना टाकतात तसे दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा घ्यायचा?

तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचं? दिसतोय ना, मग एक फासा. भाचाही तेच म्हणत होता. पण समोरच्या पोराने फोन माझ्यापुढे धरला. २०१४ च्या पुस्तकात 'अदृश्य' या अवस्थेखाली दोन वेगळे मुद्दे आहेत. पहिला: हा माणूस जादूच्या किंवा विशेष इंद्रियाच्या मदतीशिवाय दिसत नाही. दुसरा: याच्यावर हल्ला करणाऱ्याला तोटा, आणि याने केलेल्या हल्ल्याला फायदा. दुसऱ्या मुद्द्यात 'दिसत नसल्यामुळे' असा शब्दच नाही. पोराचं म्हणणं असं: "मामा, मंत्राने पहिला मुद्दा गेला. दुसरा कुठं गेला? त्याची अवस्था अजून अदृश्यच आहे. तोटा राहणार."

भाच्याकडेही मजकूर होता. त्याच्या मंत्रात लिहिलंय की अदृश्य गोष्टी जणू दृश्य असाव्यात तशा दिसतात. "दृश्य असावी तशी म्हणजे दृश्यच ना? मग तोटा कशाचा?"

मला दोन्ही बाजू पटल्या, आणि वकिलाला दोन्ही बाजू पटल्या की तो पाणी मागतो. मी पाणी मागितलं.

या एका ओळीवर जगभरातल्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं डोकं फोडलंय. खेळाचे तेव्हाचे मुख्य नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांनाही हा प्रश्न विचारला गेला. त्यांनी शब्दाला शब्द लावून अर्थ दिला: दोन मुद्दे वेगळे आहेत, म्हणून दिसत असला तरी तोटा राहतो. पुष्कळांनी कपाळाला हात लावला. ज्या मंत्राचं कामच अदृश्याला दाखवणं, तो टाकूनही नेम चुकणार असेल तर मंत्र हवा कशाला? बहुतेक ठिकाणी गोष्ट सांगणाऱ्याने हा अर्थ गुंडाळून ठेवला आणि आपल्या पद्धतीने खेळ पुढे नेला. शेवटी २०२४ च्या नव्या पुस्तकात एक वाक्य वाढवलं गेलं: समोरच्याला तुम्ही कसेही करून दिसत असाल, तर त्याच्यापुरता हा फायदा तुम्हाला नाही. दहा वर्षांचं भांडण एका वाक्यात मिटलं.

मिटलं खरं, पण त्याच नव्या पुस्तकात नुसतं नीट लपून बसलं तरी 'अदृश्य' हीच अवस्था मिळते असं लिहून ठेवलंय. आता वाद हा की झुडपामागे लपलेला चोर उजेडात चालत आला तर तो अदृश्य राहतो का. एक गाठ सोडवताना दुसरी बसली. विधिमंडळातल्या दुरुस्त्या पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

वाजवी म्हणजे किती वाजवी?

मी खाली बसलो, कारण पोरांकडे अजून दोन खटले शिल्लक होते.

एक मंत्र आहे, 'सजेशन'. समोरच्याला एखादी गोष्ट सुचवायची आणि त्याने ती करायची. २०१४ च्या मजकुरात अट अशी की सुचवणी वाजवी वाटेल अशा शब्दांत मांडलेली असावी. पुस्तकाने उदाहरणही दिलंय: सरदाराला सांगायचं की तुझा लढाईचा घोडा वाटेत भेटेल त्या पहिल्या भिकाऱ्याला देऊन टाक. मला तर हे काही वाजवी वाटत नाही. पण बारकाईने वाचा. कृत्य वाजवी असावं असं म्हटलेलं नाही, ते वाजवी वाटेल अशा शब्दांत सांगावं असं म्हटलंय. इथे एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मंत्राची ताकद दहापट वाढते किंवा शून्य होते. २०२४ मध्ये हा 'वाजवी' शब्द काढून टाकला आणि त्याऐवजी सुचवलेली गोष्ट शक्य कोटीतली वाटावी आणि उघडपणे इजा करणारी नसावी अशी अट घातली. शहाणपणाचं काम केलं. 'वाजवी', 'योग्य', 'पुरेसा', 'आवश्यक तेथे' या शब्दांनी आपल्या शासन निर्णयांत जो गोंधळ घातलाय तो तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला विचारा.

दुसरा खटला आगीच्या गोळ्याचा. 'फायरबॉल' फुटला की त्या टप्प्यातल्या ज्वलनशील वस्तू पेटतात, मात्र कुणाच्या अंगावर असलेल्या किंवा हातात धरलेल्या वस्तू पेटत नाहीत. पोरांच्या गोष्टीत चोर कापसाच्या गोदामात शिरला होता. (गोष्ट परदेशी असली तरी गोदाम कापसाचंच. जालना जिल्ह्याची पोरं दुसरं काय कल्पणार?) चोर कापसाच्या ढिगावर बसलाय. ढीग पेटणार, यात वाद नाही, कारण ढीग त्याने 'धरलेला' नाही. पण पेटलेल्या ढिगावर बसलेल्या माणसाचं पुढे काय? मंत्राच्या मजकुरात त्यावर एक अक्षर नाही. एक पोरगा म्हणाला, लिहिलं नाही म्हणजे काही होत नाही. मी म्हणालो, बाबा, कापूस पेटलेला पाहिलायस का कधी?

इथे मला पोरांचं कौतुक वाटलं. त्यांच्या डंजन मास्टरने, म्हणजे त्यातल्या सगळ्यात शांत पोराने, फरक बरोबर पकडला. "मजकूर बोलतो तिथं मजकूर. मजकूर दोन तोंडानं बोलतो तिथं तो कशासाठी लिहिलाय ते बघायचं. आणि मजकूर गप बसतो तिथं मी ठरवणार, पण एकदा ठरवलं की सगळ्यांना तेच लागू. उद्या माझा भाऊ ढिगावर बसला तरी." कायद्याच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हे शिकवायला तीन महिने घेतले होते.

एक समास, एक स्वर आणि एक मेलेला असुर

मंत्राच्या शब्दावरून घोळ होणं ही काही अमेरिकेची देणगी नाही. आपल्याकडची त्वष्ट्याची कथा बघा. इंद्राने त्वष्ट्याच्या मुलाला मारलं. त्वष्ट्याने सूड घ्यायला यज्ञ मांडला आणि 'इंद्रशत्रू वाढो' असा मंत्र म्हटला. त्याच्या मनातला अर्थ: इंद्राचा शत्रू, म्हणजे इंद्राला मारणारा. तत्पुरुष समास. पण उच्चारताना स्वराघात शेवटच्या अक्षराऐवजी पहिल्या पदावर पडला आणि समास झाला बहुव्रीही: इंद्र आहे शत्रू ज्याचा, म्हणजे इंद्र ज्याला मारणार असा. यज्ञातून वृत्र जन्माला आला आणि इंद्राच्याच हातून मेला. व्याकरण का शिकायचं, हे सांगताना पतंजलीच्या महाभाष्यात हेच उदाहरण येतं. दहावीला समास ओळखण्याच्या दोन गुणांसाठी रडणाऱ्या पोरांना मी हे सांगितलं, तर भाचा म्हणाला, "म्हणजे डंजन मास्टरने शब्द धरला, हेतू नाही धरला." अगदी तसंच.

पुढे मीमांसकांनी या विषयाचं शास्त्रच केलं. यज्ञातलं कुठलं वाक्य कशाला लागू, दोन वाक्यांचा अर्थ एकमेकांना छेदतो तेव्हा कुठलं वरचढ, यासाठी त्यांनी सहा कसोट्या लावल्या: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. त्यांचा क्रमही पक्का. थेट शब्द सगळ्यात बलवान, मग शब्दाचं सूचक सामर्थ्य, मग वाक्य, संदर्भ आणि असं खाली. नुसतं नाव किंवा शीर्षक सगळ्यात दुबळं. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत वारसाहक्काचे प्रश्न सोडवताना याच पद्धतीचा आधार घेतला, आणि मिताक्षरा पुढे इंग्रजांच्या कोर्टांतही चालली. माडीवरच्या शांत पोराने जो क्रम सांगितला तो याच घराण्यातला आहे, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

आता खरा मंत्र

हे सगळं लिहायचं कारण मात्र खेळ नाही. त्या रात्री खाली आलो तरी झोप लागली नाही, कारण 'मजकूर गप बसतो तिथं' हे वाक्य ऐकून मला जुनं प्रकरण आठवलं.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वस्तीवरचे लोक माझ्याकडे आले होते. पावसाळ्यात, रात्री, घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला साप चावला. घरच्यांनी आधी मांत्रिकाकडे नेलं. त्याने मंत्र म्हटले, दोरा बांधला, लिंबाचा पाला खायला दिला, कडू लागतो का विचारलं. असं करता करता तीन तास गेले. मग दवाखाना. माणूस वाचला नाही. घरच्यांना मांत्रिकावर गुन्हा दाखल करायचा होता. मांत्रिकाचं म्हणणं, जे त्याने गावासमोर सांगितलं, ते एका ओळीचं होतं: "मी कुठं अडवलं? हेच आले, हेच बसले."

आता कायदा काढा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते नव्वदच्या दशकापासून झगडत होते त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात कायदा मंजूर झाला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. त्याचं पूर्ण नाव नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा अशा शब्दांनी भरलेलं आणि दोन श्वासांत म्हणावं लागेल इतकं लांब आहे. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं. दंड पाच हजार ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

पण पुष्कळांचा गैरसमज इथेच होतो. या कायद्याने मंत्र म्हणायला बंदी घातलेली नाही. 'जादूटोणा' म्हणजे काय, याची सर्वसाधारण व्याख्याच त्यात नाही. कायदा म्हणतो, सोबतच्या अनुसूचीत जी कृत्यं दिली आहेत ती म्हणजे जादूटोणा. अनुसूचीत बारा नोंदी आहेत. बारात बसलं तर गुन्हा, नाही बसलं तर या कायद्याखाली नाही. वर पुन्हा एक कलम सांगतं की हे कशाकशाला लागू नाही: प्रदक्षिणा, यात्रा, वारी, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातली नि देवळा-दर्ग्यातली उपासना, दिवंगत संतांच्या चमत्कारांचं कथन, कान-नाक टोचणं, जैनांचं केशलोचन, ज्योतिष, वास्तुशास्त्र, इतकंच काय जमिनीत पाणी कुठे लागेल हे सांगणंसुद्धा. अंगारकीला अनवाणी येणाऱ्यांनी आणि बोअर घेण्याआधी नारळ हातावर धरून फिरणाऱ्यांनी निश्चिंत असावं.

सर्पदंशाची नोंद नववी. तिचा आशय असा: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून, त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार देणं. पुन्हा वाचा. दोन गोष्टी हव्यात, रोखणं आणि त्याऐवजी देणं. आमच्या प्रकरणात दुसरी गोष्ट शंभर टक्के होती. पहिली होती का? कुणी दार लावलं नाही, कुणी 'दवाखान्यात जाऊ नका' म्हटलं नाही. फक्त तीन तास मंत्र चालला.

फौजदारी कायदा काटेकोर वाचायचा आणि दोन अर्थ निघत असतील तर फायदा आरोपीला द्यायचा, हे तत्त्व मी मनापासून मानतो. ते सोडलं तर उद्या कुणालाही कशातही गोवता येईल. त्यामुळे 'मी कुठं अडवलं' या बचावाला मी हसून सोडून देत नाही. तो मजकुरातून निघतो.

तरीही तो मला मान्य नाही, आणि कारण सापाच्या विषात आहे. आपल्याकडे माणसं मारणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बाकी बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही काही वेळा चावतो पण विष सोडत नाही. म्हणून मांत्रिकाकडे नेलेली पुष्कळ माणसं बरी होतात आणि त्याचं नाव होतं. ती मंत्राशिवायही बरी झाली असती. पण मण्यार चावली तर दुखत नाही, सूज फारशी येत नाही, पापण्या जड होतात आणि माणूस झोपल्यासारखा वाटतो. मंत्राने गुण आला, गडी निवांत झोपला, असं घरच्यांना वाटतं, तेव्हा त्याचे श्वासाचे स्नायू लुळे पडत असतात. त्यावर उतारा एकच, प्रतिविषाचं इंजेक्शन आणि लागला तर कृत्रिम श्वास. ते सरकारी दवाखान्यात मिळतं आणि ते वेळेवर मिळावं लागतं. जिथे वेळ हाच उपचार आहे तिथे वेळ खाणं म्हणजेच रोखणं. दार लावायची गरज नाही.

हा अर्थ मजकुराच्या बाहेरचा आहे का? मला तरी तसं वाटत नाही. 'त्याऐवजी' हा शब्द नोंदीतच आहे. एका गोष्टीऐवजी दुसरी दिली की पहिली त्या वेळेपुरती रोखलीच गेली. पण हे माझं वाचन झालं. समोरचा वकील 'रोखून' या शब्दावर बोट ठेवेल आणि म्हणेल, विधिमंडळाला 'त्याऐवजी' इतकंच पुरेसं वाटलं असतं तर 'रोखून' लिहिलंच नसतं. कायद्यातला कुठलाही शब्द फुकटचा मानायचा नाही, हेही तत्त्वच आहे. अदृश्याच्या दोन मुद्द्यांचं भांडण जसंच्या तसं. फरक इतकाच की माडीवर शेंगदाणा मेला असता.

कुठे शब्द पुरे पडतो

अनुसूचीतल्या सगळ्या नोंदी अशा डळमळीत नाहीत. कुणी करणी करतं, भानामती करतं, मंत्राने जनावराचं दूध आटवतं, असं सांगून एखाद्याविषयी संशय पसरवणं, त्याचं जगणं अवघड करणं, हा स्वतंत्र गुन्हा आहे. मराठवाड्याला भानामती हा शब्द शिकवावा लागत नाही. गावात एकट्या राहणाऱ्या बाईवर असा शिक्का बसला की पुढे काय होतं, हेही. या नोंदीत कृत्य काय, ते कुणाविरुद्ध, परिणाम काय, सगळं ओळीत आहे. पोलीस ठाण्यात उभं राहून ती वाचून दाखवली तर हवालदारही डोकं हलवतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, ही पहिली नोंदही तशीच स्वच्छ.

उलट दुसरी नोंद बघा. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि त्याच्या प्रचाराने लोकांना फसवणं, दहशत घालणं. यातला 'तथाकथित' कुणी ठरवायचा? जत्रेतला जादूगार रुमालातून कबुतर काढून तिकिटाचे पैसे घेतो, तोही यात येईल का? नाही, कारण तो चमत्काराचा दावा करत नाही, आणि तिथे हेतू बघावा लागतो. पण हेतू बघायला लागलो की दुसऱ्या टोकाचा माणूसही निसटतो. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात एका कथावाचकाच्या दरबारावरून श्याम मानव यांनी याच कायद्याखाली तक्रार केली. पोलिसांनी चित्रफिती तपासून गुन्हा होत नाही असं सांगितलं. कुणाचं बरोबर यावर आठवडाभर वाहिन्यांवर आरडाओरडा झाला. नोंद काढून शब्द न् शब्द वाचताना मी तरी कुणाला पाहिलं नाही.

माझं मत विचाराल तर नवव्या नोंदीत एक वाक्य वाढवायला हवं: उपचार घेण्यास विलंब होईल असं कृत्य करणं म्हणजेही रोखणं. खेळ चालवणाऱ्यांनी दहा वर्षांनी का होईना एक वाक्य वाढवलं. आपल्याला २०१३ पासून ते सुचलेलं नाही. नवीन वाक्याने नवी भांडणं होतील, हे मला कळतं. विलंब किती? आजीने गाडी येईपर्यंत अंगारा लावला तर? म्हणून त्यात 'मोबदला घेऊन किंवा उपचाराचा दावा करून' अशी मर्यादा घालावी, म्हणजे आजी सुटेल आणि दुकान मांडून बसलेला सापडेल. झुडपामागे लपलेला चोर अदृश्य होऊ नये याची काळजी मसुदा लिहितानाच घ्यायची असते.

आमच्या प्रकरणाचं पुढे फार काही झालं नाही. घरच्यांनी तक्रार दिली, जबाब झाले, मग गावात बैठक बसली आणि तक्रारदारच ढिले पडले. मृताच्या भावाने मला शेवटी विचारलं होतं, "साहेब, त्यानं अडवलं असं मी म्हणू का?" मी म्हणालो, अडवलं असेल तर म्हणा. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मीच गाडी फिरवली हो त्याच्याकडं."

पहाटे चारला माडीवरून हाक आली. पोरांचा खेळ संपत आला होता. अदृश्य जादूगार एका फाशावर मेला होता. डंजन मास्टरने वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचे स्वतःचे नियम लिहायला घेतले होते आणि भाच्याला ते माझ्याकडून तपासून हवे होते. पाच नियम होते. दुसऱ्यात 'वाजवी' शब्द आला होता, तो मी खोडायला लावला. पाचव्यात लिहिलं होतं, 'बरा करणारा मंत्र साप चावल्यावर चालेल'. मी विचारलं, किती वेळात टाकला तर? चौघे एकमेकांकडे बघायला लागले आणि मग पुन्हा भांडायला लागले. मी चप्पल घातली आणि दर्शनाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.